तुकडा तपासायला दिलाय

"तुकडा तपासायला दिलाय, आठ दिवसांनी रिपोर्ट येणार आहे," एवढं सांगून झालं की मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात पुढचं बोलणं अडतं. त्या आठ दिवसांत कुणी नवस बोलतं, कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता काढतं, कुणी रात्रभर मोबाइलवर वाचत बसतं आणि उरलीसुरली झोपही घालवतं. मग रिपोर्ट हातात येतो. तो इंग्रजीत असतो, एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. ज्याच्या अंगातला तुकडा, त्याला त्यातलं एक अक्षर उमगत नाही. शेवटच्या ओळीत 'कार्सिनोमा' आहे की नाही, एवढंच तो कुणाकडून तरी वाचून घेतो आणि कागद पिशवीत घालतो.

हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे. रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी तो समजून घ्यावा, निदान त्यावरून डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत, यासाठी ते लिहिलं गेलं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट लिहिण्यात माझं उभं आयुष्य गेलं. आमची आणि रुग्णाची गाठ सहसा पडत नाही. त्याच्या आयुष्यातला एक फार महत्त्वाचा कागद मात्र आमच्या सहीने बाहेर पडतो. या विषयाची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते मनापासून स्वीकारलं, कारण या कागदाभोवती जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कुठल्याच तपासणीभोवती मी पाहिला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. चांगल्या पेशीचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पुष्कळ अवयवांमध्ये पेशी आधी बिघडू लागतात, बिघडलेल्या अवस्थेत कित्येक वर्षं जागच्या जागी राहतात, आणि त्यातल्या काहींचाच पुढे कॅन्सर होतो. आपण या वाटेवर कुठे उभे आहोत ते रिपोर्ट सांगतो. 'पेशी बदललेल्या दिसतात' हे ऐकून ज्या घरात रडारड होते, त्या घराला अनेकदा कॅन्सर होण्याआधीच तो अडवायची संधी मिळालेली असते. आणि 'कॅन्सर नाही म्हणाले' म्हणून ज्या घरात पेढे वाटून कागद कपाटात जातो, तिथे तीच संधी हातची जाते. दोन्ही प्रकार मी भरपूर पाहिले. दुसरा पाहताना जास्त तुटतं.

हे समजायला तुकड्याचं पुढे काय होतं ते माहीत हवं. बाटलीतून आमच्याकडे येणारा तुकडा पुष्कळदा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडालेला हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. त्यामुळे पेशी शरीरातून काढल्या त्या क्षणी जशा होत्या तशाच टिकतात. सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत पाठवलेला तुकडा वाटेतच सडायला लागतो. मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून एसटीने दिवसभर प्रवास करून असा तुकडा आला की स्लाइडवर पेशींच्या जागी नुसते पुसट डाग दिसतात. मग तो कितीही मोठ्या तज्ज्ञाला दाखवा, उपयोग नसतो. माणसाला पुन्हा सुई आणि पुन्हा तीच वाट पाहणं. चांगल्या फॉर्मॅलिनची एक बाटली किती स्वस्त असते, आणि तिच्याअभावी किती दिवस वाया जातात!

प्रयोगशाळेत तुकडा मोजतात, त्याचा रंग, घट्टपणा पाहून लिहून ठेवतात. मोठा अवयव असेल तर सुरीने त्याचे काप करून संशयित जागेचे भाग निवडतात. ऑपरेशनच्या कडांना शाई लावतात, म्हणजे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कड कुठली ते कळतं. मग रात्रभर यंत्रात तुकड्यातलं पाणी काढून त्या जागी पातळ मेण भरलं जातं. मेण गोठलं की त्याचा चौकोनी ठोकळा होतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ब्लॉकवरून मायक्रोटोमच्या पात्याने तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे निघतात. एकाला एक चिकटलेली त्यांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगते, तंत्रज्ञ काचेची पट्टी पाण्यात तिरकी घालून तो पापुद्रा अलगद उचलतात. हाताला सवय नसेल तर इथेच सुरकुती पडते आणि नेमकी महत्त्वाची जागा दुमडली जाते. मग रंग देतात. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, बाकीची पेशी गुलाबी.

त्यानंतर माणूस बघतो. यात कुठलंही यंत्र 'आहे' किंवा 'नाही' अशी चिठ्ठी छापून देत नाही. पेशींची रांग नीट आहे का, केंद्रकं फुगलेली, काळवंडलेली, वेडीवाकडी झाली आहेत का, पेशी जिथे विभागायला नको तिथे विभागताहेत का, हे पाहून पॅथॉलॉजिस्ट मत बनवतो. शंका आली तर ब्लॉकवरून आणखी काप मागवतो, वेगळे रंग देतो, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला स्लाइड दाखवतो. आठ दिवस यातच जातात. हाडाचा तुकडा असेल तर आधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, तिथे आणखी वेळ. उशीर म्हणजे वाईट बातमी, ही समजूत डोक्यातून काढून टाका. उलट, घाईत सही केलेल्या रिपोर्टचीच मला जास्त भीती वाटते.

आता त्या बिघडलेल्या पेशींकडे येऊ. तोंडाच्या आतलं अस्तर, गर्भाशयाच्या मुखावरचं अस्तर, हे पेशींच्या एकावर एक थरांचं असतं. नव्या पेशी सगळ्यात खालच्या थरात जन्मतात, वर सरकत सरकत चपट्या होतात आणि गळून पडतात. अस्तराच्या तळाशी एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्याखाली रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या. पेशी बिघडतात तेव्हा ही शिस्त मोडते, खाली दिसायच्या त्या कच्च्या पेशी वरच्या थरातही दिसू लागतात. हा बिघाड खालच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य डिसप्लेजिया, दोन तृतीयांशापर्यंत मध्यम, त्याहून वर गेला तर तीव्र. अख्खं अस्तर वरपासून खालपर्यंत बिघडलं तरी तळाचा पडदा शाबूत असेल, तर पेशी अजून बाहेर पडलेल्या नसतात. पडदा फोडून त्या खाली उतरल्या की त्याला आम्ही इन्व्हेजिव्ह कॅन्सर म्हणतो. त्यांना रक्ताची आणि लसीकेची वाट तेव्हाच सापडते. म्हणून रिपोर्टमध्ये 'इन्व्हेजन' हा शब्द 'आहे' या अंगाने आला की 'दिसत नाही' या अंगाने, हे आधी पाहा. उपचारांची दिशा तिथे बदलते.

गर्भाशयमुखाच्या रिपोर्टात हेच टप्पे 'सिन वन', 'सिन टू', 'सिन थ्री' अशा नावांनी येतात. सिन वन बहुतेक बायकांमध्ये आपोआप बरा होतो. त्यासाठी गर्भाशय काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर दुसरं मत घ्यावं, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. मराठवाड्यात तिशी-पस्तिशीतल्या बायकांची गर्भाशयं क्षुल्लक कारणांनी काढली गेल्याचा इतिहास ताजा आहे. सिन थ्रीची गोष्ट वेगळी. तो तसाच सोडला तर काय होतं, याचं उत्तर जगाला फार वाईट मार्गाने मिळालं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये 1966 पासून एका डॉक्टरने अशा बदलांचा कॅन्सर होत नाही या स्वतःच्या मताखातर काही बायकांवर पुरेसे उपचार केलेच नाहीत, नुसतं लक्ष ठेवलं. त्या बायकांना हे माहीत नव्हतं. 1987 साली दोन स्त्रियांनी ते उघडकीला आणलं, न्यायालयीन चौकशी झाली. पुढे त्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की जिथे फक्त तुकडा काढून सोडून दिलं होतं, तिथे 30 वर्षांत 31 टक्के बायकांना कॅन्सर झाला. वेळेवर नीट उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्काही नव्हतं, 0.7 होतं. बिघडलेल्या पेशींचा अर्थ काय, हे यापेक्षा उघड करून दाखवणारे आकडे मला माहीत नाहीत. वर्षानुवर्षांची मुदत असते, ती वापरली तर जवळपास शंभर टक्के यश असतं, आणि न वापरल्यास तिघींतली एक जाते त्या वाटेने.

दुसरे आकडे तर आपल्या घरचे आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. गावोगाव फिरून कुणाला, कुठला, कोणत्या टप्प्यावरचा कॅन्सर झाला हे लिहून ठेवायचं काम होतं ते; त्यात नाव नाही, पैसा नाही. त्याच पायावर 1999 साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास उभा राहिला. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत अशी मंडळी त्यात होती. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट. काही गावांत गर्भाशयमुखाच्या स्रावाची, या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदा तपासणी केली, काही गावांत पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी स्लाइडवर घेऊन पाहणं, काही गावांत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गावांत तेव्हा प्रचलित होती तेवढीच आरोग्यसेवा. ज्यांच्यात काही सापडलं त्यांची बायोप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासला, बिघाड निघाला तिथे उपचार झाले.

निकाल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात 127 बायकांना कॅन्सर सापडला, तपासणी न झालेल्या गटात 118 जणींना. म्हणजे कॅन्सर सापडण्याची संख्या जवळपास सारखीच. फरक पुढे आहे. पहिल्या गटात त्या 127 पैकी 39 जणींचा आजार पुढच्या टप्प्याला गेलेला होता. दुसऱ्या गटात 118 पैकी 82 जणींचा. मृत्यू पहिल्या गटात 34, दुसऱ्यात 64. परंडा-भूम-कळंबच्या भागातल्या, शेतात राबणाऱ्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या बायकांमध्ये आयुष्यातल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. पॅप तपासणीने तेवढा फरक पडला नाही. ती माझ्या विषयाची तपासणी, तरी हे मान्य करायला हवं. पॅपची स्लाइड वर्षानुवर्षं त्याच गुणवत्तेने वाचणारी प्रयोगशाळा खेड्यांच्या मुलखात उभी करणं फार अवघड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात आपल्या या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे.

तपासणी न झालेल्या गटावरून या अभ्यासावर परदेशात टीकाही झाली, आणि ती मला पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. त्या 64 जणी आपल्याच मुलखातल्या होत्या. त्यांच्यामुळे जे कळलं, ते निदान त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोहोचलं पाहिजे, आणि ते अजून पुरेसं पोहोचलेलं नाही. एचपीव्हीची तपासणी मागून घ्यायची असते हे आपल्याकडे शिकलेल्या घरांतही माहीत नसतं.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत वाट तरी सरळ आहे. तोंडाचं तसं नाही, आणि संभाजीनगर, जालना, बीड, परभणीकडून येणाऱ्या रुग्णांत तोंडाचे कॅन्सर किती असतात हे इथल्या कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला विचारा. तंबाखू-चुना, मिश्री, सुपारी, गुटखा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी तो मिळतो. पहिलं लक्षण साधं असतं. तिखट सोसेनासं होतं, ठेचा-भाकरी खाताना गालाच्या आत आग होते. पुढे तोंड कमी उघडू लागतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. तीन जात नसतील, दोनच जात असतील, तर सुपारीने गालाखालचा भाग कडक झालेला असू शकतो. गालावर पांढरा चट्टा पडतो, तो खरवडून निघत नाही. लाल चट्टा त्याहून घातक. आजकाल विशी-पंचविशीतली मुलं या तक्रारी घेऊन दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभी असतात, हे पाहून काळजी वाटते.

अशा चट्ट्याचा तुकडा येतो आणि रिपोर्टात सौम्य, मध्यम किंवा तीव्र डिसप्लेजिया लिहिला जातो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: तोंडातला कुठला चट्टा पुढे जाईल आणि कुठला जाणार नाही, हे आज कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. सौम्य आणि मध्यम यांतली रेघ दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळ्या जागी ओढू शकतात. यावरून रिपोर्ट निरुपयोगी ठरत नाही. तंबाखू-सुपारी त्या दिवसापासून बंद, तीव्र बिघाड असेल तर तो भाग काढून टाकणं, आणि बाकीच्यांनी ठरलेल्या तारखेला दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला येणं, एवढं करायला तो पुरेसा आहे. दुर्दैवाने 'अजून कॅन्सर नाही ना' म्हणत लोक बाहेर पडतात आणि टपरीवर थांबतात.

सवयी आणि पेशी यांचं हे नातं शोधणारा माणूस आपल्याकडलाच. डॉ. वसंत रामजी खानोलकर 1941 साली, टाटा मेमोरियल सुरू झालं त्याच वर्षी, तिथे पॅथॉलॉजी विभागात आले. समोर येणारी प्रत्येक स्लाइड पाहताना तिच्यामागचा माणूस कुठला, काय खातो, काय नेसतो, हे ते विचारत. 1945 मध्ये डॉ. सूर्याबाईंसह त्यांनी भारतातल्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर निबंध लिहिला. वर्षानुवर्षं धोतर करकचून बांधल्याने कमरेच्या त्वचेवर होणारा कॅन्सर त्यात होता. याच विभागात त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे शिकल्या. बाल्टिमोरला जाऊन पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र घेऊन आल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. 'ही पेशी बिघडली' एवढं लिहून न थांबता 'का बिघडली' हे विचारायची रीत इथल्या पॅथॉलॉजीला या लोकांनी लावली. तुकडा घेताना तुम्हाला तंबाखूविषयी विचारलं जातं ते त्यामुळे. खरं सांगत जा.

आता ज्यांच्या रिपोर्टात कॅन्सर आहे, त्यांच्याविषयी. सगळ्यात जास्त घोटाळा ग्रेड आणि स्टेज यांत होतो. ग्रेड म्हणजे पेशी मूळच्या पेशीपासून किती बदलल्या. स्टेज म्हणजे आजार शरीरात किती पसरला. ग्रेड स्लाइडवर कळतो. स्टेजसाठी गाठीची तपासणी, सीटी स्कॅन, लसीकाग्रंथी, सगळं एकत्र पाहावं लागतं. 'ग्रेड थ्री' वाचून तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर झाला असं धरून शेत विकायला काढलेली कुटुंबं आहेत. ग्रेड तीन असूनही गाठ लहान असेल, पसरलेली नसेल, तर स्टेज पहिली असू शकते, आणि माणूस बरा होऊ शकतो. बदल कमी असेल तर 'वेल डिफरन्शिएटेड' लिहितात. ते वाचून घाबरू नका, त्यातल्या त्यात ते बरं असतं.

स्तनाच्या रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन तपासण्या येतात, आणि त्यांच्यापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं पाहून माणसं हबकतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे ती गाठ संप्रेरकांवर वाढते, म्हणून रोजच्या गोळीने तिला रोखता येतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर तिच्यावर नेम धरून काम करणारं वेगळं औषध आहे. हर-टू 'टू प्लस' आलं तर त्याचं उत्तर अर्धवट असतं, आणखी एक तपासणी करावी लागते. या तपासण्यांचा खर्च वाचवून उपचार सुरू करू नयेत. नेमकं औषध त्यांच्यावरच ठरतं. आणि इथेही फॉर्मॅलिनचं महत्त्व आहे: स्तनाची गाठ सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त फॉर्मॅलिनमध्ये राहिली तर या तपासण्या चुकू शकतात.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात कडा पाहा. 'मार्जिन फ्री' म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला नाही. किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, हा आकडा पाहा. जिभेचा किंवा गालाचा कॅन्सर असेल तर तो किती मिलिमीटर खोल गेला ते पाहा. पुढे रेडिएशन लागणार की नाही हे बरंचसं या तीन ओळींवर ठरतं. याचा तपशील पुस्तकात पुढे सविस्तर आहे, म्हणून इथे थांबतो.

काही वाक्यं मात्र मुद्दाम अनिश्चित असतात. 'सजेस्टिव्ह ऑफ', 'सस्पिशस', 'क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड' असं लिहिलेलं असतं तेव्हा पॅथॉलॉजिस्ट जबाबदारी टाळत नसतो. या तुकड्यावरून एवढंच सांगता येतं, पुढचं रुग्ण तपासून ठरवा, असं तो उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवत असतो. तसंच 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' हे त्या तुकड्यापुरतं खरं असतं. तोंडातली जखम महिना उलटूनही भरत नसेल आणि रिपोर्ट मात्र 'नील' आला असेल, तर तुकडा वरवरचा निघाला असू शकतो. दुसरी बायोप्सी मागा. दुखतं, कंटाळा येतो, मान्य, तरी मागा.

आणि तुकड्यातून चांगली बातमीही निघते, हे आपण विसरतो. मानेला गाठ आली की घरात आधी कॅन्सरचंच नाव निघतं. आपल्याकडे अशा गाठींत क्षयाच्या गाठी पुष्कळ असतात. रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा' दिसला आणि क्षय ठरला, की सरकारी केंद्रात मोफत औषधं मिळतात आणि साधारण सहा महिन्यांत माणूस बरा होतो. लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्याच कॅन्सरची, शंका असेल तर मात्र सुईने घेतलेल्या चार पेशी पुरत नाहीत, अख्खी गाठ काढून तपासावी लागते. 'सुईने झालं होतं, आता पुन्हा ऑपरेशन कशाला' असा वाद तेव्हा घालू नका.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मी खेड्यात ऐकली तशी शहरातल्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकली. सुईच्या वाटेने पेशी रुजण्याचा प्रकार अतिशय विरळ आहे, आणि त्याची काळजी डॉक्टर आधीच घेतात. हाडाच्या गाठीची बायोप्सी शक्यतो पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच करावी, म्हणजे सुईची वाटही गाठीबरोबर काढून टाकता येते. अंडकोषाच्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत. अशी मोजकी पथ्यं सोडली तर बायोप्सीवाचून राहण्यात धोका कितीतरी मोठा आहे. गाठ पसरली ती सुईमुळे, असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्या कागदांवरच्या तारखा पाहाव्यात. बहुतेक वेळा सुई लागण्याआधीच महिनोन् महिने गेलेले असतात.

दुसरी अडचण आपल्या मायेतून येते. "साहेब, अण्णांना सांगू नका, ते खचतील," असं मुलगा बाहेर बाजूला घेऊन सांगतो. त्यामागचं प्रेम मी जाणतो. पण अण्णांना सगळं कळत असतं. इतक्या चकरा कशासाठी चालल्यात, सून स्वयंपाकघरात का रडते, हे घरातल्या कर्त्या माणसाला कळत नाही असं होत नाही. त्यांना विचारा, किती जाणून घ्यायचं आहे. उपचार त्यांच्या शरीरावर होणार आहेत. माहिती असलेला रुग्ण केमोथेरपीच्या तारखा चुकवत नाही, आणि त्रास झाला तर लपवत नाही.

एके काळी या मुलखातला माणूस रिपोर्ट पिशवीत घालून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून परळला टाटाला जात असे. पुष्कळ जण अर्ध्यावर परत फिरत. 2012 मध्ये आपल्या संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, टाटा मेमोरियलच्या सहकार्याने. इथल्या घाटी या सरकारी रुग्णालयाचं पॅथॉलॉजी आधीपासून होतंच. आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार मोफत होतात, आणि ते मंजूर व्हायला बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. गर्दी आहे, वाट पाहावी लागते, यंत्रं कधी बंद असतात, हे सगळं खरं. तरीही उपचार आता इथल्या माणसाच्या टप्प्यात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी वाचकाला विनंती करतो. अंगातून काढलेली कुठलीही गाठ, कितीही साधी वाटली, कितीही छोट्या दवाखान्यात काढली, तरी ती तपासायला पाठवल्याशिवाय टाकून देऊ नका. नातेवाईकांना दाखवून ती फेकून दिली आणि वर्षभराने त्याच जागी पुन्हा आली, की पहिली काय होती हे कुणीच सांगू शकत नाही, आणि उपचार अंधारात सुरू होतात. तुकडा ज्या प्रयोगशाळेत तपासला तिचं नाव, रिपोर्टवरचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. मेणाचा तो ब्लॉक कित्येक वर्षं टिकतो; दुसरं मत हवं असेल, मुंबईला जायचं असेल किंवा पाच वर्षांनी नवीन तपासणी करायची असेल, तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, पुन्हा अंगाला सुई लावावी लागणार नाही. आणि रिपोर्टात 'डिसप्लेजिया' असो, 'सस्पिशस' असो की 'कार्सिनोमा', तो हातात पडल्यावर डॉक्टरांना दाखवायची तारीख त्याच आठवड्यातली घ्या.